आधी पूर्ण पाहा, मग नाकारा: नृत्यस्पर्धेच्या संयोजन समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
वार्षिक नृत्यस्पर्धा संयोजन समिती, नाशिक.

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या स्पर्धेचे माहितीपत्रक गेल्या आठवड्यात हाती आले. शास्त्रीय नृत्य, लोकनृत्य आणि चित्रपटगीतांवरील नृत्य असे तीनच विभाग त्यात आहेत. गेली नऊ वर्षे असलेला आधुनिक नृत्याचा चौथा विभाग काढून टाकण्यात आला आहे. चौकशीसाठी मी आपल्या कार्यालयात आले, तेव्हा मला तीन कारणे सांगण्यात आली: हा प्रकार परका आहे, त्याला व्याकरण नाही आणि तो प्रेक्षकांना कळत नाही. माझ्याशी सर्वजण आदराने बोलले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ही तिन्ही कारणे वस्तुस्थितीला धरून नाहीत असे माझे ठाम मत आहे, आणि ती शहरातील पालकांनी, शिक्षकांनी व नाचणाऱ्या मुलामुलींनीही तपासून पाहावीत म्हणून मी हे पत्र उघडपणे लिहीत आहे. समितीचे किंवा कोणा सदस्याचे नाव मी लिहिलेले नाही, कारण माझा आक्षेप निर्णयावर आहे.

या विषयाशी माझा संबंध काय, ते आधी सांगते. मी नाशिकची. कथक इथेच शिकले, आणि तत्कार, म्हणजे कथकमधला पदन्यासाचा सराव, आजही माझ्या दिवसाची सुरुवात आहे. कॉलेजात असताना वाचनालयातून ‘मी इझाडोरा’ हे पुस्तक घरी आणले. पायांतले बूट आणि कमरेचा आवळपट्टा झुगारून देऊन अनवाणी नाचलेल्या इझाडोरा डंकन या अमेरिकन नर्तिकेचे ते आत्मचरित्र मराठीत कोणी आणले, तर पुण्याच्या रोहिणी भाटे यांनी. कथकच्या परंपरेला आयुष्य वाहिलेल्या गुरूंना ही बंडखोर बाई आपल्या वाचकांपर्यंत पोचवावीशी वाटली, ही गोष्ट मला तेव्हाही फार मोठी वाटली होती आणि आजही वाटते. पुढे मुंबईत अस्ताद देबू यांचा एक प्रयोग पाहिला. एक हात खांद्यापासून डोक्यावर नेण्यासाठी त्यांनी इतका वेळ घेतला की माझ्या शेजारची बाई श्वास रोखून बसली होती. कथक आणि कथकळी दोन्ही शिकलेला, लंडनला जाऊन अमेरिकन नर्तकी मार्था ग्रॅहम यांची पद्धत आत्मसात केलेला हा पारशी माणूस काय करतो आहे हे मला पुरते कळले नव्हते, पण दुसऱ्या दिवशी नाशिकच्या गाडीत बसल्यावर मी काय करायचे ते ठरले होते. गेली सव्वीस वर्षे मी सातपूर, अंबड, पंचवटी आणि दिंडोरी रस्त्याकडच्या मुलींना कथकबरोबर आधुनिक नृत्यही शिकवते.

आता गेल्या वर्षीचा प्रसंग. तो सांगितल्याशिवाय या पत्राला अर्थ नाही.

माझ्या वर्गातील अकरा मुलींनी द्राक्षबागेवर एक रचना बसवली होती. त्यांतल्या पाच जणींच्या आया हंगामात दिंडोरी आणि निफाडच्या बागांत मजुरीला जातात. गोडी छाटणीनंतर घड धरले की विरळणी सुरू होते, मग एकेक घड जीए या वाढीच्या संजीवकाच्या द्रावणात बुडवायचा, सोडायचा, पुढचा धरायचा. मांडव डोक्याच्या वर असतो, त्यामुळे मान मागे आणि दोन्ही हात वर, असा सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ जातो. मुलींनी आयांना पाहिले, त्यांच्याबरोबर दोन रविवार बागेत उभ्या राहिल्या, आणि तेवढ्याच हालचालींतून साडेसात मिनिटांची रचना केली. तिच्यात गाणे नव्हते. अकरा जणींच्या हातांत विरळणीच्या छोट्या कात्र्या होत्या, आणि त्या कात्र्यांचा आवाज हाच ताल होता. सुरुवातीला तो एका लयीत पडे. हळूहळू एकेकीचा खांदा थकत जाई, लय फाटत जाई, आणि शेवटी एकच कात्री वाजत राही. ती वाजवणारी मुलगी चौदा वर्षांची होती. दोन्ही हात वर ठेवून पूर्ण साडेसात मिनिटे उभे राहता यावे म्हणून तिने चार महिने सराव केला.

तिसऱ्या मिनिटाला परीक्षकांपैकी एकांनी ध्वनिव्यवस्थेकडे हात करून गाणे का लागले नाही असे विचारले. चौथ्या मिनिटाला दोन परीक्षक उठून बाहेर गेले आणि रचना संपल्यावर परत आले. गुणपत्रिकेत शंभरपैकी एकेचाळीस गुण होते आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘गाणे नाही’ एवढे दोन शब्द. यंदा तो विभागच राहिलेला नाही.

म्हणून माझी पहिली आणि मुख्य तक्रार अशी आहे, की जी गोष्ट पूर्ण पाहिलेली नाही तिच्यावर निकाल दिला गेला, आणि त्या निकालाच्या आधारे एक संपूर्ण कलाप्रकार शहराच्या सर्वांत मोठ्या विद्यार्थी व्यासपीठावरून हटवण्यात आला.

गाण्याची सक्ती हा नियम कोठून आला, हे मला समजलेले नाही. अमेरिकेत डोरिस हम्फ्री यांनी 1928 मध्ये ‘वॉटर स्टडी’ ही समूहरचना संगीताशिवाय केली. नर्तकींचा श्वास आणि पावले हाच तिचा ठेका होता, आणि लाट उठून फुटावी तसा तो समूह उठत आणि कोसळत असे. याला आता जवळजवळ शंभर वर्षे होतील. जर्मनीच्या मेरी विगमन यांनी नाच हा संगीताचा आश्रित नाही, असे त्याही आधी करून दाखवले होते. तेव्हा आमच्या मुलींनी काही विचित्र केले असे मानण्याचे कारण नाही. त्या एका जुन्या, मान्य वाटेवरून चालल्या होत्या.

आता परकेपणाकडे येते. आधुनिक नृत्याचा एक मोठा प्रवाह अमेरिकेत आणि जर्मनीत उगम पावला, हे खरेच आहे आणि ते लपवण्यासारखे काही नाही. मात्र त्या प्रवाहाने सुरुवातीपासून आपल्याकडे पाहिले. अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिस यांनी भारत न पाहताच 1906 मध्ये ‘राधा’ नावाची रचना सादर केली. तिच्यातले आपले चित्रण आज खटकेल, खटकायलाच हवे. पण पुढे टेड शॉन आणि त्यांनी मिळून 1915 मध्ये काढलेल्या डेनिशॉन संस्थेतूनच मार्था ग्रॅहम आणि डोरिस हम्फ्री बाहेर पडल्या, आणि 1926 मध्ये डेनिशॉनचा संच भारतात येऊन गेला. त्याच काळात उलट दिशेनेही प्रवास चालू होता. लंडनला चित्रकला शिकायला गेलेले उदय शंकर 1923 मध्ये रशियन नर्तकी ॲना पावलोव्हा यांच्याबरोबर कृष्ण म्हणून रंगमंचावर उभे राहिले. कोणत्याही एका शास्त्रीय शैलीचे रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नाही, हा आक्षेप त्यांच्यावर आयुष्यभर घेतला गेला. तो आक्षेप घेणारे चुकीची माहिती देत नव्हते. परंतु याच माणसाने पुढे अल्मोड्याला केंद्र काढले, तिथे कथकळी, भरतनाट्यम आणि मणिपुरीचे थोर गुरू आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांना एकत्र आणले, आणि कामगार व यंत्र हा विषय भारतीय नृत्याच्या रंगमंचावर आणला. पैशाअभावी ते केंद्र काही वर्षांतच बंद पडले. तरी तिथून शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, सचिन शंकर निघाले. गुरु दत्तही तिथलेच विद्यार्थी. शांती बर्धन यांनी मुंबईत लिटल बॅले ट्रूप उभा केला आणि कळसूत्री बाहुल्यांच्या हालचालींतून रामायण उभे केले. क्षयाने जर्जर शरीराने हे काम करून 1954 मध्ये ते गेले, तेव्हा चाळिशीलाही पोचले नव्हते.

आणि महाराष्ट्राचे म्हणाल, तर खंडाळ्याला कथक नर्तकी मादाम मेनका यांनी नृत्यशाळा चालवली. कथकला संघनृत्याचे आणि नृत्यनाट्याचे रूप देऊन त्यांचा संच 1936 मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धेत गौरवला गेला. नर्तकी आणि नृत्यरचनाकार चंद्रलेखा यांचा जन्म 1928 मध्ये वाडा या गावचा. त्र्यंबकहून जव्हारकडे उतरलात की वाडा फार दूर नाही. चंद्रलेखांची एक गोष्ट मी दर वर्षी नव्या मुलींना सांगते. 1952 मध्ये त्यांचे अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचे पहिले जाहीर सादरीकरण झाले, ते आंध्रातल्या रायलसीमेच्या दुष्काळनिधीसाठी. ‘मथुरा नगरिलो’ या पदात यमुनेचे भरलेले पाणी हस्तमुद्रांनी दाखवताना त्यांना अचानक जाणवले की आपण पाणीच पाणी दाखवतो आहोत आणि हा कार्यक्रम तर पाणी नसलेल्या माणसांसाठी आहे. तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे 1985 मध्ये ‘अंगिका’ या रचनेत त्यांनी भरतनाट्यम आणि केरळची युद्धकला कळरीपयट्टू समोरासमोर ठेवले आणि देवदेवतांच्या कथांऐवजी माणसाचे शरीर हाच विषय केला. उन्हाळ्यात पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवर डोक्यावर हंडे घेऊन घाट चढणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. चंद्रलेखांचा प्रश्न आपल्या जिल्ह्याला परका कसा असेल?

त्याच पेठ-सुरगाण्याकडचा बोहाडा, म्हणजे जत्रेतला मुखवट्यांचा नाच, समितीने लोकनृत्याच्या विभागात सन्मानाने ठेवला आहे, याचा मला आनंद आहे. लाकडी मुखवटा चढला की माणसाची चाल बदलते, खांदे रुंदावतात, संबळाच्या ठेक्यावर तो देव किंवा दैत्य होतो. मेरी विगमन यांनी ‘चेटकिणीचा नाच’ ही आपली रचना 1926 मध्ये मुखवटा चढवून, जमिनीवर बसून, ताशासारख्या तालवाद्यांवर पुन्हा केली. माझ्या वर्गातली सुरगाण्याची एक मुलगी ते जुने चित्रण पाहून चटकन म्हणाली, ‘बाई, ही तर आमच्या गावच्या जत्रेतली वाटते.’ विगमन यांना बोहाडा ठाऊक नव्हता आणि सुरगाण्याच्या सोंगाड्यांना विगमन ठाऊक नाहीत. तरी तिला ओळख पटली.

व्याकरण नाही, या कारणाने मला सर्वांत जास्त दुःख झाले, कारण व्याकरण शिकवण्यातच माझी सकाळ जाते. ग्रॅहम यांच्या पद्धतीत सर्व काही श्वासातून निघते. मुली जमिनीवर बसतात. श्वास सोडताना ओटीपोट आत ओढले जाते, कणा मागच्या बाजूला कमानीसारखा गोल होतो, पण खांदे कमरेच्या पुढे जाता कामा नयेत. श्वास घेताना कणा पुन्हा उभा होतो. आकुंचन आणि मोकळे होणे. हे नीट जमायला वर्ष लागते. तोवर मुली नुसत्या वाकतात, आणि मी पाठीवर तळहात ठेवून ‘इथून, इथून’ म्हणत राहते. हम्फ्री यांचे तत्त्व तोल सुटणे आणि सावरणे हे आहे. पूर्ण स्थिर उभे राहणे आणि पूर्ण कोसळणे या दोन टोकांच्या मधे नाच घडतो, असे त्या मानत. आणि केवळ हालचाल लिहून ठेवण्यासाठी नृत्याचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान यांनी 1928 मध्ये एक लेखनपद्धती प्रसिद्ध केली, जिच्यात दिशा, पातळी, कालावधी आणि शरीराचा कोणता भाग हे सर्व चिन्हांनी मांडता येते. ज्या कलेची लिपी जवळजवळ शतकभर वापरात आहे, तिला व्याकरण नाही असे म्हणता येणार नाही. तिचे व्याकरण एकच नाही, असे म्हणा; ते खरे आहे.

इथे समितीशी मी एका बाबतीत पूर्ण सहमत आहे, आणि ते मोकळेपणाने लिहायला हवे. गेली काही वर्षे या विभागात जे सादर होत होते त्यातले बरेचसे दूरचित्रवाणीवरील स्पर्धांची नक्कल होते. रडवे गाणे, फाडलेले कपडे, चार कोलांट्या आणि शेवटी एकीला उचलून गरगर फिरवणे, एवढ्याला मुले ‘कंटेम्पररी’ म्हणतात. मलाही ते पाहवत नाही. पण यावर उपाय विभाग बंद करणे हा होऊ शकत नाही. चांगले आणि वाईट यांतला फरक सांगू शकणारे परीक्षक बसवणे, हा आहे.

प्रेक्षकांना कळत नाही, याविषयी थोडेच लिहिते. 1930 मध्ये ग्रॅहम यांनी ‘लॅमेंटेशन’ केले. बाकावर बसलेली एक स्त्री, अंगावर ताणल्या जाणाऱ्या कापडाची नळी, आणि आतून त्या कापडाला ढकलणारे हात, गुडघे, डोके. गोष्ट नाही, पात्र नाही. एका प्रयोगानंतर, आपले मूल डोळ्यांसमोर अपघातात गेल्यापासून रडू न शकलेली एक आई पडद्यामागे येऊन भेटली; प्रयोग पाहताना तिला पहिल्यांदा रडू आले होते. ही आठवण ग्रॅहम यांनी स्वतः सांगितली आहे. आमच्या रचनेनंतर त्या चौदा वर्षांच्या मुलीची आई बाहेर जिन्यावर बसली होती. मी विचारले, कसे वाटले. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी मुलीचा उजवा खांदा धरला आणि बराच वेळ दाबत राहिल्या. नृत्याची एकही कार्यशाळा न केलेल्या बाईला त्यातले सगळे कळले होते.

आता समीक्षेविषयी, कारण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे. अमेरिकेत आधुनिक नृत्य रुजले त्यात नर्तकांइतकाच समीक्षकांचा हात होता. 1927 पर्यंत तिथल्या मोठ्या वृत्तपत्रांत नाचाविषयी बहुधा संगीताचे समीक्षकच लिहीत. त्या वर्षी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जॉन मार्टिन यांना नृत्यासाठी नेमले आणि पुढे पस्तीस वर्षे त्यांनी वाचकांना हा नाच कसा पाहायचा ते शिकवले. कठोर टीकाही झाली. 1957 मध्ये नर्तक पॉल टेलर यांचा एक प्रयोग पाहून समीक्षक लुई हॉर्स्ट यांनी आपल्या मासिकात परीक्षणाची जागा कोरी सोडली आणि खाली फक्त आद्याक्षरे छापली. याहून बोचरे काय असणार? पण हॉर्स्ट प्रयोगाला हजर होते, आणि कोऱ्या जागेखाली सही करण्याची जबाबदारी त्यांनी घेतली होती. याच्या उलट 1994 च्या अखेरीस आर्लीन क्रोची या नामवंत समीक्षिकेने नृत्यरचनाकार बिल टी. जोन्स यांची गंभीर आजारी माणसांच्या अनुभवांवर आधारलेली रचना आपण पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही असे जाहीर करून तिच्यावर दीर्घ लेख लिहिला. त्यावरून जे वादळ उठले ते अजून पूर्ण शमलेले नाही, आणि मुख्य प्रश्न हाच होता की न पाहता बोलण्याचा अधिकार कोणाला आहे का. क्रोची यांचे काही मुद्दे विचार करण्यासारखे होते असे मी मानते. न पाहण्याचे समर्थन मात्र मला कधीच पटले नाही.

आपल्याकडे नृत्यसमीक्षक सुनील कोठारी यांनी सनदी लेखापालाचा व्यवसाय सोडून गावोगावचे नाच पाहण्यात आयुष्य घालवले, शास्त्रीयवर लिहिले तितक्याच आस्थेने नव्या प्रयोगांवरही लिहिले. डिसेंबर 2020 मध्ये अस्ताद देबू गेले आणि सतरा दिवसांनी कोठारीही गेले. मराठीत संगीताच्या आणि नाटकाच्या समीक्षेची केवढी मोठी परंपरा आहे! नृत्याच्या वाट्याला मात्र अजूनही मुख्यत्वे छायाचित्र आणि त्याखाली प्रमुख पाहुण्यांची नावे येतात. नाशिकसारख्या, नाटक आणि कविता जिवापाड जपणाऱ्या गावात हे बदलता येईल असा मला विश्वास आहे, आणि आपली स्पर्धा ही त्याची सुरुवात होऊ शकते.

उरलेल्या तक्रारी थोडक्यात. विभाग रद्द केल्याची कोणतीही पूर्वसूचना नव्हती; मुलींनी जूनपासून तालमी सुरू केल्या होत्या. रंगमंचावर खिळ्यांनी ठोकलेला गालिचा अनवाणी नाचणाऱ्यांसाठी धोक्याचा आहे. गेल्या वर्षी एका मुलीच्या टाचेत खिळा गेला, आणि तिने तो रचना संपल्यावर दाखवला. गुणपत्रिकेत सविस्तर शेरा नसेल तर विद्यार्थ्याला पुढे काय सुधारावे हे समजत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. आधुनिक नृत्याचा विभाग यंदाच पूर्ववत करावा, आणि हवे असल्यास त्याची स्पष्ट व्याख्या करावी, म्हणजे चित्रपटगीतावरील कसरती आपोआप दुसऱ्या विभागात जातील. गाण्याची सक्ती काढून टाकावी. शांतता, श्वास, वाद्य, बोललेले शब्द किंवा कामाचा आवाज यांना मुभा असावी. या विभागासाठी आधुनिक नृत्याचा अभ्यास केलेला किमान एक परीक्षक असावा आणि प्रत्येक परीक्षकाने प्रत्येक रचना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी. प्रत्येक संघाला निदान पाच ओळींचा लेखी, सहीनिशी अभिप्राय मिळावा, मग तो कितीही प्रतिकूल असो. गालिच्याऐवजी साधी, स्वच्छ लाकडी फळी असावी. आणि निकालानंतर तासभराची जाहीर चर्चा ठेवून वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींना तिचे आमंत्रण द्यावे.

प्रवेशिका भरण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणून उत्तर त्याआधी मिळावे ही विनंती.

द्राक्षांची रचना मुलींनी यंदा पुन्हा उभी केली आहे. दर रविवारी सकाळी साडेसातला आम्ही ती सलग दोनदा करतो. वर्गाचा पत्ता आपल्या कार्यालयातील गेल्या वर्षीच्या प्रवेशिकेवर आहे. समितीच्या सदस्यांनी आणि त्या दोन परीक्षकांनी कोणत्याही रविवारी यावे, साडेसात मिनिटे बसावे आणि जे वाटेल ते लिहून, खाली सही करून आम्हाला द्यावे. ते मुलींसमोर मी स्वतः मोठ्याने वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक नृत्यशिक्षिका, नाशिक